ताठ्या काय म्हणतो?

मित्रांनो, मी एक जुना हायड्रोमीटर आहे. नाव मोठे, पण काम सोपे. मी म्हणजे काचेची एक बंद नळी. खाली फुगीर पोट, पोटात शिशाचे छर्रे. वर बारीक मान, मानेच्या आत कागदाची पट्टी आणि त्या पट्टीवर रेघा. मला खाऱ्या पाण्यात सोडा, मी उभा राहतो. पाण्यात मीठ जास्त असेल तर मान वर काढतो, कमी असेल तर खाली जातो. एवढेच मला येते. पण ते मी कुणाच्या सांगण्यावरून बदलत नाही, आणि त्यावरूनच एका घरात मोठे रामायण झाले.

जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणायचे, अशी रीत आहे. मी सारा जन्म पाण्यातच काढला, मला पाण्याचे अप्रूप नाही. मला दया नको, हारतुरे नकोत, शोभेचे कपाट तर मुळीच नको. माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐका, म्हणजे झाले.

माझा जन्म एका काच फुंकणाऱ्याच्या खोलीत झाला. खोलीला एकच खिडकी होती, आणि ज्योत हलू नये म्हणून तीही कायम बंद. तो माणूस दिवसभर गाल फुगवून बसायचा, म्हणून घरचे त्याला ‘फुगा’ म्हणत. त्याने माझे पोट फुगवले, छर्रे ओतले, पट्टी आत सरकवली. मग मला आधी साध्या पाण्यात आणि नंतर तोलून मीठ घातलेल्या पाण्यात सोडून पाहिले. पट्टी केसभर खाली, केसभर वर असे करत त्याने ती नेमक्या जागी चिकटवली, आणि माझे तोंड ज्योतीवर धरून कायमचे बंद केले.

“जा आता,” तो म्हणाला. “यापुढं तुला कुणी काही शिकवू शकत नाही.”

हे मी आशीर्वादासारखे लक्षात ठेवले आहे. माझ्या आत कुणी काही घालू शकत नाही आणि काढूही शकत नाही. पट्टीवर मधोमध हिरवा पट्टा आहे. पाण्याची पातळी त्या हिरव्यावर आली की समुद्रातल्या जिवांना मानवणारे पाणी. हिरव्याच्या खाली लाल पट्टा आहे. मीठ वाढले, मी वर उचलला गेलो आणि पाणी लालवर टेकले, की समजा धोका.

मला विकत घेतले ते दात बनवणाऱ्या बाईंनी. दंतवैद्य त्यांच्याकडे तोंडाची मापे पाठवायचे आणि बाई घरातल्या पुढच्या खोलीत बसून कवळ्या घडवायच्या. टेबलावर प्लास्टरच्या हिरड्या, मेणाचे तुकडे, दातांचे ट्रे. आणि भिंतीला लागून काचेची टाकी. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, घर एकदम गप्प झाले, तेव्हा बाईंनी ही टाकी आणली. त्यांना घरात समुद्र हवा होता.

त्यांचे यजमान दुधाच्या डेअरीत तपासनीस होते. फाटकाशी उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येक कॅनमध्ये लॅक्टोमीटर सोडायचा, हे त्यांचे काम. लॅक्टोमीटर म्हणजे माझा चुलतभाऊच. मी मीठ सांगतो, तो दुधातले पाणी सांगतो. दुधात पाणी घालणाऱ्या माणसाला तपासनीस फाटकातूनच परत पाठवत. तो माणूस हटकून म्हणे, “साहेब, तुमची नळी खोटी आहे.” चोराच्या उलट्या बोंबा! यावर तपासनिसांचे उत्तर ठरलेले असे: “नळीला दूध विकायचं नाहीये.” हे वाक्य ते निवृत्तीनंतरही घरात अभिमानाने सांगत. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचे तपासनीस तर दुसऱ्याच्या घरी चहाचा कपसुद्धा उजेडाकडे धरून बघत.

एवढा नळीवर विश्वास ठेवणारा माणूस, पण माझ्याशी त्यांचे जमले नाही. कारण भामट्यांच्या युक्त्याही त्यांना पाठ होत्या. दुधात पाणी घातले की लॅक्टोमीटर खाली जातो, मग भामटे त्यात साखर घालून त्याला पुन्हा वर उचलतात. “या जातीला मी चांगला ओळखतो,” ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणत. “कुणीही फसवावं आणि यांनी फसावं.” आता मला सांगा, साखर घातली माणसाने, आणि बदनामी कुणाची? पहिल्या दिवसापासून त्यांनी मला पाण्यात पाहिले.

टाकीही त्यांना पटली नव्हती. बाईंनी पाणी भरले, मीठ विरघळवले, दगड रचले, वाळू पसरली, आणि मासे काही आणलेच नाहीत. कितीतरी आठवडे त्या रोज सकाळी टाकीतले पाणी छोट्या नळीत घ्यायच्या, त्यात औषधाचे थेंब टाकायच्या आणि रंग बघायच्या. नव्या पाण्यात आधी अमोनियाचे विष तयार होते. दगडांत न दिसणारे जंतू वस्तीला येतात, ते हे विष पचवतात, आणि मगच ते पाणी माशांच्या राहण्याजोगे होते. त्या जंतूंना घाई चालत नाही.

“अगं, मासे कधी येणार?” तपासनीस विचारत.

“पाणी पिकलं की.”

“पाणी पिकतं होय कधी? मीठ लावून मासे ताटात ठेवतात, इथं मासे नाहीत आणि मीठ मात्र पोतंभर!”

बाई हसायच्या आणि पुन्हा थेंब मोजायच्या. त्यांचा हातच तसा होता. कवळी हिरडीला केसभर लागली तरी माणूस जेवताना रडतो, हे त्यांना रोजच्या कामातून कळले होते.

शेवटी रंग स्थिर झाला आणि टाकीत एक नारिंगी जोडी आली. अंगावर पांढरे पट्टे, आणि चालण्यात ऐट. या जातीत बायको मोठी आणि नवरा लहान असतो. बाई म्हणायच्या, “घरच्यासारखंच आहे.” मागून एक साफसफाई करणारी लाल कोळंबी आली आणि एक समुद्रफूल आले. फूल नुसते म्हणायला, तो प्राणीच. बोटांसारखे झुपके हलवत दगडावर बसतो. नारिंगी जोडी त्याच्या झुपक्यांत शिरून झोपायची.

माझे चांगले दिवस ते. रोज सकाळी बाई टाकीतले पाणी एका उंच, अरुंद पेल्यात घ्यायच्या. मला दोन बोटांत धरून गिरकी देत सोडायच्या, म्हणजे अंगाला बुडबुडे चिकटत नाहीत. बुडबुडे चिकटले तर ते मला वर उचलतात आणि लोक म्हणतात, हा खोटा. मग बाई खाली वाकून, डोळे पाण्याच्या पातळीला आणून म्हणायच्या, “ये रे ताठ्या, खरं बोल.” ताठ्या हे माझे घरातले नाव. नंतर मला साध्या पाण्याने धुवायचे, पुसायचे आणि खिळ्याला अडकवून ठेवायचे. मीठ अंगावर सुकले तर मी जड होतो आणि कमी सांगतो. बाईंनी ती वेळ माझ्यावर कधी येऊ दिली नाही. एकदा दुसऱ्या दुकानातून मीठ आले होते. माप तेच, चमचा तोच. मी मात्र हिरव्याच्या वरपर्यंत बुडालो. दुकानदार म्हणाला मीठ उत्तम आहे. बाईंनी माझे ऐकले आणि मीठ बदलले. त्या दिवशी मला जे वाटले त्याला गर्वच म्हणतात. असू दे.

पुढे बाईंचा खुबा झिजला. उठता-बसता हात टेकावा लागे. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, लेक म्हणाली माझ्याकडे या, आणि बाई दर वेळी टाकीकडे बघून म्हणायच्या, “मी गेले तर यांना कोण बघणार?” असे करत त्यांनी दुखणे खूप लांबवले. पाण्याचा मग उचलताना त्या ओठ चावायच्या, ते तपासनीस रोज बघत होते. एक दिवस ते टाकीसमोर येऊन उभे राहिले.

“माझ्यावर सोड,” ते म्हणाले. “तू परत येशील तेव्हा ही जोडी अशीच फिरताना दिसेल. माझा शब्द आहे.”

डेअरीच्या फाटकावर त्यांचा शब्द शेवटचा असे. बाईंना हे माहीत होते. तो शब्द मिळाला म्हणून त्या जायला तयार झाल्या. या गोष्टीत जे पणाला लागले ते हेच, मित्रांनो. काचेच्या पलीकडचे चार जीव, आणि या बाजूला एका माणसाचा शब्द.

न्यायला जावई आले. जावई लिफ्ट दुरुस्त करणारे, स्वभावाने लाख माणूस. बटण दाबले की आकडा दिसला पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह. त्यांनी सासऱ्यांसाठी भेट आणली होती, मखमली डबीत ठेवलेले खारेपणा मोजायचे एक इलेक्ट्रिक पेन. टोक पाण्यात धरायचे, वर आकडा उमटतो.

“बाबा, तुम्हाला त्रास नको म्हणून आणलं,” जावई म्हणाले. “वाकायला नको, डोळे ताणायला नकोत. ही काचेची नळी फुटायचीसुद्धा भीती. ती ठेवून द्या आता.”

जावयाची भेट! तिला कोण नाव ठेवणार? तपासनिसांनी मला खिळ्यावरून काढले आणि टेबलाच्या खणात टाकले, मेणाच्या तुकड्यांत आणि मोडक्या दातांत.

निघताना बाईंनी दोन डबे दाखवले. “पांढऱ्या झाकणाचा साध्या पाण्याचा, निळ्या झाकणाचा खाऱ्याचा. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जाईल. या खुणेपर्यंत साधं घाला. खारं फक्त पाणी बदलताना. आणि अहो, ताठ्याला रोज विचारा.”

“हो गं, हो,” तपासनीस म्हणाले. जावई खाली गाडी सुरू करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी तपासनिसांनी पांढऱ्या झाकणाचा डबा उघडला आणि तसाच धरून उभे राहिले. साधे पाणी ओतायचे? ज्या पाण्यासाठी इतकी वर्षे माणसे फाटकातून परत पाठवली, तेच आता आपल्या हाताने घालायचे? त्यांच्या मनाने कौल दिला नाही. “बिचारी मीठ वाचवत असणार,” ते स्वतःशी म्हणाले. “माझ्या राज्यात भेसळ नाही.” त्यांनी पांढरे झाकण लावून टाकले आणि निळ्या डब्यातले खारे पाणी खुणेपर्यंत भरले. एवढेच करून थांबले नाहीत. बाजारात जाऊन मिठाची मोठी पिशवी आणली आणि चमचा जरा वरपर्यंत भरून नवे पाणी कालवले. सगळे प्रेमाने, म्हणूनच मला त्यांच्यावर पुरते रागावता येत नाही. पण माझा राग तुम्ही मोजू नका, पुढचे ऐका.

पाणी उडून जाते तेव्हा मीठ त्याच्याबरोबर उडत नाही. ते मागे राहते. उडाले साधे पाणी, आणि हे भरत होते खारे. उन्हाळा होता, टाकीवर पंखा चालू होता, पाणी भराभर उडत होते. दिवसागणिक समुद्र घट्ट होत चालला.

मग पेनाने सांगितले कसे नाही? पेन बिचारे प्रामाणिक, पण त्याचे टोक रोज साध्या पाण्याने धुवायला हवे होते. तपासनीस ते मऊ फडक्याने नुसते टिपत आणि मखमलीत ठेवत. जावयाच्या भेटीला नळाचे पाणी कशाला लावा, असा त्यांचा हिशेब. टोकावर मिठाचा पापुद्रा धरला आणि पेन रोज थोडे कमी सांगू लागले. तिकडे मीठ चढत होते, इकडे पेन उतरत होते, आणि आकडा जागच्या जागी दिसत होता. तपासनीस आकडा बघून खूश.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी तुम्हाला बोलावून बसवले आहे. रोज संध्याकाळी बाईंचा फोन यायचा. ऑपरेशन नीट झाले होते, लेकीच्या घरी त्या काठी धरून चालायला शिकत होत्या. लेकीचे, जावयाचे, जेवणाचे बोलून झाले की त्या विचारायच्या, “ताठ्या काय म्हणतो?”

आणि तपासनीस सांगायचे, “हिरव्यात उभा आहे.”

मी खणात आडवा पडलो होतो! अंगावर मेण, कुशीत कुणाची तरी दाढ. मला पाण्याचा थेंब दाखवला नव्हता, आणि हे माझ्या नावावर साक्ष देत होते. ज्याला जन्मात खोटे बोलता आले नाही, त्याच्या तोंडी खोटे घातले. खणात टाकलेत, ठीक आहे. विसरलात, तेही ठीक आहे, वस्तूंना विसरतातच. पण बाईंनी ‘ताठ्या’ म्हणून विचारावे आणि तुम्ही मला न विचारता उत्तर द्यावे, हे मी माफ करणार नव्हतो. मी काच आहे, मला ओरडता येत नाही. मी खणात वाट बघत पडून राहिलो, आणि अजिबात रडलो नाही.

टाकीने आपल्या परीने सांगायला सुरुवात केली होती. काठावर पांढरी खपली धरली. समुद्रफूल आकसत आकसत मुठीएवढे झाले. नारिंगी जोडी पाण्याच्या वरच्या थरात येऊन भराभर कल्ले हलवू लागली. तपासनिसांनी दिवा बदलला, खाणे बदलले, पंख्याची दिशा बदलली. जावयांना फोन केला.

“पेन काय सांगतंय, बाबा?” जावयांनी विचारले.

“आकडा तोच आहे.”

“मग पाणी ठीक आहे. मासेच म्हातारे झाले असतील.”

त्या दुपारी कोळंबी तळाशी उलटी पडलेली दिसली. तपासनीस खुर्चीवरून उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. तिला बाहेर काढायला काही तरी लांब हवे, म्हणून त्यांनी टेबलाचा खण ओढला, आणि मेण-दातांतून मी घरंगळत पुढे आलो.

त्यांनी मला उचलले. जरा वेळ तसेच धरले. मग सिंकमध्ये धुतले, उंच पेल्यात टाकीचे पाणी घेतले आणि मला सोडले. गिरकी द्यायला ते विसरले, पण मी स्वतःच डोलून घेतले. आणि मग, मित्रांनो, मी मान वर काढली. इतकी वर, इतकी वर, की हिरवा पट्टा पाण्याबाहेर कोरडा राहिला आणि पाणी लालवर टेकले.

तपासनिसांनी बोट टेकवून मला खाली दाबले. हिरवा पट्टा पाण्याशी आला. त्यांनी बोट काढले. मी वर. पुन्हा दाबले, जरा जोरात. मी पुन्हा वर. दाबा! दिवसभर दाबा. तुमचे बोट दुखेल, माझी मान नाही.

“खोटा आहेस तू,” ते म्हणाले. “ही नळी खोटी आहे.”

आणि ते थांबले. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकले होते, पण आजवर ते नेहमी फाटकाच्या पलीकडून आले होते. ते हळूच स्टुलावर बसले.

“नळीला दूध विकायचं नाहीये,” ते पुटपुटले.

त्यानंतर त्यांच्यातला जुना तपासनीस जागा झाला. डेअरीत रोज सकाळी नळी आधी साध्या पाण्यात सोडून तिची परीक्षा घेत. त्यांनी दुसऱ्या पेल्यात पांढऱ्या झाकणाच्या डब्यातले पाणी घेतले आणि मला सोडले. मी सर्वांत वरच्या रेघेपर्यंत बुडून उभा राहिलो, फुग्याने ठरवून दिल्याप्रमाणे. मग त्यांनी पेन त्याच साध्या पाण्यात बुडवून टोक चोळले. एक पांढरा पापुद्रा सुटून तळाशी गेला. धुतलेले पेन टाकीत धरले तेव्हा त्याचा आकडाही वर पळाला. आम्ही दोघे आता एकच बोलत होतो.

संध्याकाळच्या फोनची वाट न बघता त्यांनी स्वतः फोन लावला.

“अगं, ताठ्या लालमध्ये उभा आहे.”

पलीकडून बाईंचा आवाज आला, “कधीपासून?”

“ठाऊक नाही. मी त्याला आजच विचारलं.”

“मग रोज सांगत होतात ते?”

“ते माझं बोलणं होतं. नाव त्याचं लावत होतो. कोळंबी गेली गं. फूल मुठीएवढं झालंय. तू माझ्या शब्दावर गेलीस.”

“जोडी?”

“आहे. धापा टाकतेय.”

“पाणी कुठलं भरत होतात?”

“खारंच. साधं घालायचं म्हणजे... मला ती भेसळ वाटली.”

“अहो!” बाई म्हणाल्या, आणि त्या ‘अहो’त राग, रडू आणि हसू सगळे एकत्र होते. “दूध आटवलं की घट्ट होतं ना? उडतं ते पाणीच ना? तुम्ही माझा समुद्र आटवलात!”

बाईंच्या शेजारून जावयांचा आवाज आला, “मग आई, आत्ताच बादलीभर साधं पाणी ओतू द्या, संपला विषय.”

“नाही!” बाई कडाडल्या. “हळूहळू चढलंय, हळूहळूच उतरवायचं. एकदम उतरवलंत तर आहेत तेही जातील. एक मग खारं काढा, एक मग साधं घाला. मग थांबा. मग ताठ्याला विचारा. घाई केलीत तर याद राखा.”

“आई, पेन मी आणलं होतं,” जावई ओशाळून म्हणाले. “धुवायचं सांगायला मीच विसरलो.”

“पेनाला काही झालेलं नाही. तुम्ही दोघं धुवायच्या लायकीचे आहात,” बाई म्हणाल्या. फोनमधून एवढे हक्काने जावयाला बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले.

तपासनिसांनी पहिला मग साधे पाणी टाकीत ओतले. जन्मभराची शपथ मोडत होते ते. पाणी पडताना त्यांनी तोंड फिरवले, मग स्वतःला सावरून पुन्हा बघितले. त्या दिवसापासून त्यांचे टाकीशेजारचे स्टूल हलले नाही. थोडे काढायचे, थोडे घालायचे, मला विचारायचे. मी रेघ रेघ करून खाली येत होतो. कधी अडून बसायचो, कारण पाणीच अडलेले असे. संध्याकाळी फोनवर ते असेल ते सांगत. “आज जागचा हलला नाही.” “आज अर्धी रेघ.” बाईंनी ‘खरं का?’ असे एकदाही विचारले नाही.

मला वाटले होते, माझा राग आता शांत होईल. झाला नाही. कोळंबी परत येणार नव्हती. पण रागावलेला असूनही मी प्रत्येक वेळी नेमके सांगितले. राग राहिला माझ्यापाशी, रेघ त्यांच्यापाशी.

मग बाई परत आल्या. एका हातात काठी, दुसरा हात लेकीच्या खांद्यावर, मागे सामान घेऊन जावई. लेक म्हणाली, “आई, आधी जरा पड.” बाई सरळ टाकीशी गेल्या आणि स्टुलावर बसल्या. मोठी नारिंगी काचेपाशी आली, तिच्यामागून तिचा लहान नवरा. समुद्रफूल उघडले होते, पण पूर्वीच्या निम्मेच.

“लहान झालं,” बाई म्हणाल्या.

“माझ्यामुळे,” तपासनीस म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे हात केला. मी पुन्हा माझ्या खिळ्यावर होतो. तपासनीस मध्ये आले.

“थांब. मी विचारतो.”

त्यांनी पेल्यात पाणी घेतले. मला दोन बोटांत धरले, गिरकी दिली, आणि खाली वाकून, डोळे पाण्याच्या पातळीला आणून म्हणाले, “ये रे ताठ्या, खरं बोल.” त्यांच्या तोंडून माझे हे नाव मला उद्देशून कधीच आले नव्हते.

मला त्या क्षणी हिरव्यात उभे राहणे किती सोपे झाले असते, असे तुम्हाला वाटेल. बाई दमून आल्या होत्या, सगळे माझ्याकडे बघत होते. मी उभा राहिलो तिथेच, जिथे पाण्याने मला उभे केले. हिरव्याच्या एक रेघ खाली पाणी टेकले होते.

“हिरवाच धरा की, बाबा,” जावई प्रेमाने म्हणाले. “एका रेघेनं काय होतंय!”

“एक रेघ जास्त आहे, जावईबापू,” तपासनीस म्हणाले. “जास्त म्हणजे जास्त.”

बाईंनी काठी बाजूला टेकवली आणि पदराने डोळे पुसले. “मग घाला पाणी,” त्या म्हणाल्या.

तपासनिसांनी पांढऱ्या झाकणाचा डबा उचलला. या वेळी त्यांनी तोंड फिरवले नाही.

मित्रांनो, मी अजून त्याच खिळ्याला आहे. पेनही शेजारी आहे; रोज धुतलेले असते आणि आम्ही एकमेकांवर लक्ष ठेवतो. त्याच्याशी माझे वैर नाही. माझी पट्टी पिवळी पडली आहे, एक दिवस मी कुणाच्या तरी हातून निसटेन आणि फुटेन. फुटेपर्यंत वाकणार नाही, एवढे नक्की. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल, काटा असेल, तराजू असेल, घड्याळ असेल, नाहीतर तोंडावर खरे बोलणारे एखादे माणूस असेल, तर त्याला जपा म्हणून मी विनवणार नाही. त्याला साध्या पाण्याने धुवा, नीट पुसा, आणि नको ते बोलला म्हणून बोटाने दाबू नका. खणात टाकायचे असेल तर खुशाल टाका. पण त्याचे नाव घेऊन काही सांगायचे असेल, तर आधी त्याला पाण्यात सोडा.